नाना शेवटचे बरे केव्हा दिसले?

२०१८ सालची नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसतो न बसतो तोच शेजारचा मुलगा धापा टाकीत आला, "डॉक्टरकाका, लवकर चला! नानांचं तोंड वाकडं झालंय!"

जाऊन पाहतो तो नाना खुर्चीत कलंडलेले. उजवा हात लुळा, बोलणे बोबडे. कोणी तळपायाला लसूण चोळीत होते, कोणी कांदा हुंगवीत होते, आणि वहिनी पेल्यात ॲस्पिरिनची गोळी विरघळवीत होत्या. तो पेला मी आधी बाजूला ठेवायला लावला. वहिनींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले : हा कसला डॉक्टर!

पण वाचकहो, अर्धांगाच्या झटक्याच्या मुख्य तऱ्हा दोन. बहुतेकांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काहींची वाहिनी फुटून रक्त सांडते. पहिलीत ॲस्पिरिन उपयोगी, दुसरीत घातक. आणि वाकडे तोंड, लुळा हात दोन्हींत सारखेच! इतकी वर्षे रोगी तपासूनही मला नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय अशा वेळी गिळण्याची शक्ती गेलेली असली, तर घोटभर पाणीही फुप्फुसात उतरते.

भेद कळतो तो सीटी स्कॅनने. हाउन्सफील्ड यांच्या या यंत्राने इंग्लंडमध्ये १९७१ साली प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. ताजे सांडलेले रक्त त्यात पांढरे दिसते. गुठळीच असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून बारीक नळी घालून ओढूनही काढतात. निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. मात्र हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा बरा दिसला तेव्हापासून, तोंड वाकडे दिसले तेव्हापासून नव्हे.

म्हणून मी विचारले, "नाना शेवटचे बरे केव्हा होते?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात धाकटी नात म्हणाली, "साडेपाचला आजोबांनी मला फुलबाजी पेटवून दिली की!"

सातला आम्ही स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात होतो. तिथे आधी बोटातून रक्त काढून साखर पाहिली, कारण साखर फार उतरली तरी कधीकधी असेच सोंग येते. स्कॅनमध्ये रक्त नव्हते. आठाच्या आत इंजेक्शन सुरू झाले. नानांचा हात पुष्कळसा परत आला. जीभ मात्र अजून थोडी अडखळते.

वहिनी सगळ्यांना सांगतात, डॉक्टरांनी वाचवलं. मी मान खाली घालतो. त्याच्या पंधरा दिवस आधी नाना जिन्यात भेटले होते. म्हणाले, "काल वर्तमानपत्र हातातून गळून पडलं. दहा मिनिटं बोटं वळेनात, मग आपोआप ठीक झालं." वाटेतली गुठळी आपोआप सुटल्याची ती लक्षणे, त्याच दिवशी तपासण्या व्हायच्या, रक्तदाब पाहायचा, औषध सुरू व्हायचे. मला दवाखान्याची घाई होती. "वय झालं आता नाना," असे हसून म्हणालो आणि खाली उतरलो.

वहिनींना हे मी अजून सांगितलेले नाही. नानांनीही नाही.