काठ इब्रामपूरचा, दरवाजे तिळारीचे

नदीकाठाचं 'सुशोभीकरण' म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र समोर येतं. पेव्हर घातलेली वाट, स्टीलचं रेलिंग, दोन-चार गझिबो, रात्री रंग बदलणारे दिवे आणि कोनशिलेवर नावांची मोठी यादी. शहरात हे चित्र खपून जातं. इब्रामपूरसारख्या गावात ते पहिल्या मोठ्या पुरालाच वाहून जाईल, आणि त्याचं बिल मात्र आपण भरलेलं असेल.

म्हणजे गावाचा नदीकाठ आहे तसाच ठेवावा असं मला म्हणायचं नाही. पेडणे तालुक्यात आज पैसा, रस्ते, विमानं, सगळं येतंय. मोपा विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरू लागली, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक डोंगराकडे नि प्रत्येक काठाकडे कोणीतरी कोष्टकं मांडून बघतंय. आपण आराखडा केला नाही तर दुसरा कोणीतरी करेल. करायला सुरुवातही झाली असेल. प्रश्न एवढाच की आराखड्याची पहिली रेघ कुठे ओढायची. माझं उत्तर अनेकांना विचित्र वाटेल. ती गावाच्या हद्दीबाहेर, राज्याच्याही हद्दीबाहेर, दोडामार्ग तालुक्यात ओढायला हवी.

कारण आपली नदी तिथून येते. सह्याद्रीतून निघालेली तिळारी दोडामार्गातून खाली उतरते आणि गोव्यात तिलाच आपण शापोरा म्हणतो. नाव बदलतं, पाणी तेच. वर महाराष्ट्राच्या हद्दीत तिळारीचं धरण आहे. दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प, 1990 चा करार, आणि खर्चात नि पाण्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के. म्हणजे सगळ्यात मोठा भागीदार गोवा, पण सांडव्याचे दरवाजे पलीकडच्या राज्यात. त्या धरणासाठी आयनोडे, सरगवे, पाट्ये यांसारखी गावं पाण्याखाली गेली, हेही विसरायला नको. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्यांची घरं बुडलेली आहेत. गोव्यात हे फार कमी लोक बोलतात.

ऑगस्ट 2019 आठवा. वर धो-धो पाऊस, धरण भरलेलं, पाणी सोडण्याशिवाय इलाज नाही, आणि खाली इब्रामपूर, हणखणे, चांदेल-हसापूर, हळर्ण, दक्षिण काठावर डिचोली तालुक्यातलं साळ, सगळीकडे पाणीच पाणी. केळी-माडाच्या बागायती चिखलात गेल्या. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. त्याच महिन्यात कळणे इथल्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल दोडामार्गातल्या शेतांत घुसला. कळण्याचं पाणीही शेवटी आपल्याच खोऱ्यात येतं.

दोन वर्षांत दोनदा पूर आल्यावर गावातून स्वाभाविक मागणी येते ती संरक्षक भिंतीची. 'किनाऱ्याला सिमेंटची भिंत घाला, वर चालायला वाट करा, दोन्ही कामं होतील.' ऐकायला बरं वाटतं. पण पाणी कमी होत नाही, ते फक्त जागा बदलतं. एका काठाला भिंत घातली की पात्र आवळतं, पाण्याचा वेग वाढतो, आणि तो लोट समोरच्या काठावर किंवा खालच्या वळणावर जाऊन आदळतो. इब्रामपूरची भिंत म्हणजे साळची किंवा हळर्णची धूप. उद्या ते भिंत घालतील, मग परवा आपण आणखी उंच. याला अंत नाही, आणि यात फायदा फक्त कंत्राटदाराचा.

शहरांनी काय केलं ते बघा. अहमदाबादला साबरमतीचं पात्र दोन्ही बाजूंनी भर घालून साधारण 263 मीटर रुंदीचं एकसारखं करण्यात आलं, काठावरच्या हजारो कुटुंबांना हलवलं, आणि त्यात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटरच्या प्रकल्पावरून झाडं, पात्राची रुंदी आणि पुराची पातळी यांवर लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. साबरमती निदान वर्षातला बराच काळ कोरडी पडणारी नदी होती. आपल्याकडे मिरगापासून चार महिने जो पाऊस पडतो, त्यात हे मॉडेल उचलून आणणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणं.

याच्या उलट नेदरलँड्सचं उदाहरण आहे. अर्धा देश समुद्रसपाटीच्या आसपास, शतकानुशतकं बांध घालण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर, 1995 मध्ये तर अडीच लाख माणसं हलवावी लागली तेव्हा, त्यांनी बांध उंच करत बसण्याऐवजी 'नदीला जागा द्या' असा कार्यक्रम हातात घेतला. नायमेखेन शहरासमोर त्यांनी बांध 350 मीटर मागे नेला, नदीला बाजूने आणखी एक वाट करून दिली, आणि मधल्या जागेत आज लोक फिरायला, पोहायला येतात. काठ सुंदर झाला, कारण आधी तो पुराला सुरक्षित झाला. आपण डच नाही, आपल्याकडे तेवढा पैसाही नाही. पण इथल्या जुन्या लोकांना ही गोष्ट सांगावी लागली नसती. घर उंचावर, मधे बागायत, खाली शेत, आणि अगदी काठाला करंज नि बांबूची बेटं. पाणी आलं तर शेतात यावं, घरात येऊ नये, असा तो हिशोब होता. गाळ बसला तर वायंगणाला चांगलंच. ही रचना कोणा आर्किटेक्टने काढलेली नाही, पण आराखडा म्हणून ती आजही कामाची आहे.

मग काठावर करायचं काय? बरंच काही. पाणवठ्याच्या पायऱ्या चिऱ्यात नीट बांधता येतील. चवथीला गणपती पोचवायला उतरताना पाय घसरणार नाहीत एवढं तरी हवंच. जुन्या पाणंदी मोकळ्या करायच्या, कारण काठापर्यंत जायची वाटच बंद झाली तर काठ कोणाचा राहिला? धूप होते तिथे बांबू आणि करंज लावायचे, अगदीच गरज तिथे जाळीत भरलेले दगड. होड्या लावायला साधी जागा. हळर्णला नदीकाठावरच किल्ला आहे, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि त्या विजयावरून त्यांच्या व्हाइसरॉयला 'मार्क्विस ऑफ अलोर्ना' हा किताब मिळाला. इब्रामपूरहून हळर्णपर्यंत होडीने जाऊन किल्ला बघून यायचा, दुपारी गावातल्याच एखाद्या घरात जेवायचं, याला रिसॉर्ट लागत नाही. गावातल्या पोरांना होडी, बायकांच्या गटाला जेवणाचं काम, एवढ्यावरही सुरुवात होते. पर्यटनाला माझा विरोध नाही. मोरजीचं जे झालं ते नदीच्या दुसऱ्या टोकाला व्हायला नको, एवढंच.

आणि हे फक्त आपल्या गावापुरतं नाही. तिळारीचा कालवा फुटला किंवा दुरुस्तीला बंद ठेवला की साळहून नदीचं पाणी उपसून आमठाण्याच्या धरणात सोडतात आणि तिथून ते अस्नोड्याच्या प्रकल्पाला जातं. पेडण्याचं पाणी चांदेलच्या प्रकल्पातून येतं. म्हणजे या काठांवर उद्या जी बांधकामं उभी राहतील त्यांचं सांडपाणी कुठे जाईल हा प्रश्न म्हापशाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानेही विचारायला हवा. तो पीत असलेलं पाणी आपल्या काठावरून गेलेलं असू शकतं.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. राज्यशास्त्र शिकताना आम्हाला 73 वी घटनादुरुस्ती पाठ करायला लावतात. अकराव्या अनुसूचीत 29 विषय, त्यात लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन, पाणलोट विकास सगळं पंचायतीकडे. पुस्तकात फार छान वाटतं. प्रत्यक्षात आपल्या काठावर किती जणांची सत्ता आहे ते मोजा. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने शापोरा नदी जलमार्ग क्रमांक 25 झाली, मणेरीच्या पुलापासून मोरजीत समुद्राला मिळेपर्यंत, 25 किलोमीटर. म्हणजे जहाजवाहतुकीपुरता आपला काठ दिल्लीकडे. पूरनियंत्रण राज्याच्या जलस्रोत खात्याकडे. जिथपर्यंत कडक उन्हाळ्यातही पाण्यात हजार भागांमागे पाच भाग मीठ सापडतं तिथपर्यंत सीआरझेड. जमिनीचा झोन नगर नियोजन खात्याकडे, आणि तो कसा बदलतो हे गोव्याला वेगळं सांगायला नको. कलम 17(2) खालचे नियम मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, पण 39अ होतंच. कूळ-मुंडकारांचे दावे मामलतदाराकडे पडून. आणि धरणाचे दरवाजे शेजारच्या राज्यात. या सगळ्यात पंचायतीच्या हातात काय? ठराव.

दोन राज्यांतल्या दोन पंचायतींनी एकत्र बसून एका नदीचा आराखडा करायचा तर त्यासाठी घटनेत सोय नाही. आंतरराज्य नद्यांसाठी 1956 चा नदी मंडळ कायदा आहे, त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. पश्चिम क्षेत्रीय परिषदेत गोवा नि महाराष्ट्र शेजारी बसतात, पण तिथे मंत्री बसतात, मणेरीचा आणि इब्रामपूरचा शेतकरी नाही. गंमत अशी की 1788 पर्यंत पेडणे सावंतवाडीकरांकडेच होतं. पोर्तुगीजांना ते मिळालं तेव्हा इथे सीमा आली. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले, सीमा राहिली. सोयरिकी अजून दोन्हीकडे आहेत, बाजार एकच आहे, भाषा एकच आहे, फक्त पूर आल्यावर एकाने दुसऱ्याला फोन करायचा अधिकृत मार्ग वाट वाकडी करून जातो. सीमाभागाचे हक्क म्हणून आपण बोलतो तेव्हा मला आधी हेच आठवतं.

एक धागा मात्र हातात आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. धरण सुरक्षा कायदा 2021. तो 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्याच्या कक्षेत येतात, म्हणजे तिळारी येतंच. या कायद्याने धरणाच्या मालकाला आपत्कालीन कृती आराखडा करायला पाच वर्षांची मुदत दिली, आणि त्यात पाणी कुठवर पसरू शकतं ते दाखवावं लागतं. मुदत कधी संपते ते हिशोब करा: डिसेंबर 2026. इब्रामपूरच्या नदीकाठाचा पहिला नकाशा हाच असायला हवा. कुठल्या घराला किती पाणी, कुठलं शेत बुडणार, किती तासांत पाणी पोचणार. त्या नकाशावर मग पायऱ्या कुठे, वाट कुठे, बांबू कुठे ते ठरवू. हा नकाशा न बघता काठावर जो एक रुपया खर्च होईल तो माझ्या मते नदीत टाकलेला.

त्याच्या जोडीला धरण कोणत्या महिन्यात कितपत भरायचं याचं वेळापत्रक खालच्या गावांना कळलं पाहिजे. जुलैअखेर धरण काठोकाठ भरून ठेवलं तर ऑगस्टच्या पावसाला जागाच उरत नाही. हे इंजिनियरांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर ओरड शहरातून होते, पावसाळ्यात पाणी जास्त सोडलं तर ओरड चार खेड्यांतून होते, आणि कोणाची ओरड पणजीला, मुंबईला ऐकू जाते हे वेगळं सांगायला नको. 73.30 टक्के भागीदार असलेल्या राज्याने हे वेळापत्रक मागून घेऊन ग्रामसभेपुढे ठेवायला काय अडचण आहे?

आणि हो, ते मराठीत ठेवावं. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत जनसुनावणीसाठी सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असं स्पष्ट लिहिलंय. तरी गावात येतो तो इंग्रजी पीपीटी. सल्लागार तासभर बोलतो, म्हातारी माणसं मागच्या बाकावर डुलक्या घेतात, शेवटी 'काही हरकत?' असं विचारतात, कोणी बोलत नाही, आणि कागदावर 'सर्वानुमते' येतं. ज्या माणसाने त्या नदीचे 60 पावसाळे बघितलेत, कुठल्या वळणावर पाणी आधी चढतं ते ज्याला तोंडपाठ आहे, तो गप्प बसतो कारण विचारलेला प्रश्नच त्याच्या भाषेत नव्हता. भाषेचा हक्क म्हणजे पाट्यांवरची अक्षरं एवढंच आपण धरून बसलो तर हे असंच चालायचं.

सुरुवात पंचायतीला आजही करता येईल. एका ग्रामसभेत ठराव घेऊन तिळारीचा आपत्कालीन आराखडा आणि पाणी सोडण्याचं वेळापत्रक दोन्ही राज्यांच्या जलखात्यांकडे लेखी मागायचं. मिळालं नाही तर माहिती अधिकारात, गोव्यात एक अर्ज, महाराष्ट्रात एक. त्याच ठरावाची प्रत साळ, हळर्ण, चांदेल-हसापूर आणि मणेरीच्या पंचायतींना पाठवायची आणि त्यांनाही तसाच ठराव घ्यायला सांगायचं. यासाठी कायद्यात बदल नको, पोस्टाचं तिकीट लागतं. जाणकार म्हाताऱ्या माणसांना घेऊन 2019 चं आणि 2021 चं पाणी कुठवर चढलं त्या खुणा भिंतींवर, झाडांवर रंगवून ठेवायच्या. हे काम कॉलेजची पोरं एका रविवारात करू शकतात. पुढच्या मिरगाच्या आधी झालं पाहिजे, कारण 2019 ची ओल ज्या भिंतींवर अजून दिसते त्यांतल्या बऱ्याच आता पाडून नव्या बांधल्या जातायत.