लग्न, कायदा आणि अध्यक्षाची सही

अमेरिकेंत दोन पुरुषांचें किंवा दोन स्त्रियांचें लग्न कायदेशीर आहे. हें लग्न एका अध्यक्षानें दिलें आणि दुसरा अध्यक्ष तें काढून घेईल, असा पुष्कळांचा समज दिसतो. आम्हांस तो मान्य नाहीं. परंतु अध्यक्षाचा हात अगदींच रिकामा असतो असेंहि नाहीं.

१९९६ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं एका कायद्यावर सही केली. मध्यवर्ती सरकारच्या दप्तरीं लग्न म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचेंच, असें त्यानें ठरलें. नुसत्या व्याख्येनें कोणाचें काय बिघडतें, असें म्हणणारानें न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसरबाईंचा हिशेब पाहावा. थिया स्पायर या बाईंबरोबर त्यांनीं चाळीस वर्षांवर संसार केला. २००७ सालीं कॅनडांत जाऊन लग्न लाविलें. २००९ सालीं थियाबाई वारल्या. नवरा वारला असता तर विधवेस वारसा-कर एक पैहि पडला नसता. विंडसरबाईंना ३,६३,०५३ डॉलर भरावे लागले! सात-बारावर वारस म्हणून नांव लावण्यासाठीं तलाठ्याच्या दारीं ज्यांनीं जोडे झिजविले, त्या आमच्या मायबहिणींस याहून अधिक सांगणें नको. १८७३ सालीं पुण्यांत भटजीवांचून सत्यशोधक लग्न लागलें तेव्हां तें लग्नच नव्हे, असें म्हणणारे थोडे नव्हते. म्हणून दुसऱ्याच्या लग्नास नांवें ठेवण्याची घाई आम्ही तरी करणार नाहीं.

असो. २००४ सालीं अध्यक्ष बुश यांनीं अशा लग्नांविरुद्ध घटना-दुरुस्ती मागितली. ती सेनेटांतच अडली. घटना-दुरुस्तीस तेथें अध्यक्षाची सही लागतच नाहीं. २०११ सालीं अध्यक्ष ओबामा यांनीं दुसरी वाट धरली: हा कायदा घटनेविरुद्ध आहे, सबब कोर्टांत आम्ही त्याची वकिली करणार नाहीं, मात्र तो रद्द होईपर्यंत अंमल चालूं राहील. तेव्हां प्रतिनिधिगृहाच्या पुढाऱ्यांनीं स्वतःचे वकील दिले. नावडत्या कायद्याचा वकील काढून घेण्याची ही चाल आम्हांस धोक्याची वाटते. उद्यां दुसरा अध्यक्ष गरिबाच्या कायद्यालाहि असाच पोरका करील. पण ओबामांनीं अंमल थांबविला नाहीं व निकाल कोर्टावर सोडला, हें त्यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे. २६ जून २०१३ रोजीं विंडसरबाई जिंकल्या. २६ जून २०१५ रोजीं सर्व राज्यांस असें लग्न लावून देणें भाग पडलें. दोन्ही निकाल पांच विरुद्ध चार!

एका मतावर उभें असलेलें घर किती दिवस टिकेल? २०२२ सालीं सुप्रीम कोर्टानें गर्भपाताचा जुना निकाल फिरविला व एका न्यायाधीशानें लग्नाच्या निकालाचाहि फेरविचार सुचविला. तेव्हां काँग्रेसनें कायदा केला, व १३ डिसेंबर २०२२ रोजीं अध्यक्ष बायडेन यांनीं त्यावर सही केली. क्लिंटन यांनीं सही केलेला कायदा असा कायमचा पुसला गेला. पण नव्या कायद्यांतहि एक भोंक आहे. २०१५ चा निकाल कधीं फिरलाच, तर दुसऱ्या राज्यांत लागलेलें लग्न मानावें लागेल, परंतु स्वतःच्या राज्यांत लावून देण्याची सक्ती उरणार नाहीं. गाडीभाडें असणारा शेजारच्या राज्यांत जाईल. नसणारानें काय करावें, हें त्या कायद्यांत कोठेंच लिहिलेलें नाहीं.