सर, जरा पॉज करा ना!

‘सर, पीपीटी पाठवाल ना?’ हल्ली लेक्चर सुरू व्हायच्या आधीच हा प्रश्न येतो म्हणे. इंजिनीअरिंगला शिकवणारा माझा एक मित्र यावर जाम वैतागलेला असतो. ‘अगं, फळ्यावर गणित सोडवायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात ते पोरांच्या डोक्यातही उतरायचं. स्लाइडवर एका क्लिकमध्ये उत्तर! पोरं फोटो काढतात, विषय संपला.’

२०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांनी लॅपटॉपपेक्षा हाताने काढलेल्या नोट्स बऱ्या, असं मांडलं, तेव्हा मास्तर मंडळींना हवा तो पुरावाच मिळाला. पण २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तर फरक काही तितका ठळक निघाला नाही. म्हणजे भांडण चालूच!

माझ्या मावसबहिणीचं म्हणणं मात्र या भांडणात कुणी ऐकतच नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग एकदम फाडफाड इंग्लिश लेक्चर. साठ जणांसमोर ‘सर, परत सांगा’ म्हणायची हिंमत कुठून आणायची? २०२० च्या लॉकडाउनमध्ये लेक्चर्स रेकॉर्ड व्हायला लागली आणि ती सुटली. ‘ताई, एका वाक्यावर मी सरांना पाच वेळा थांबवलं. एकदाही चिडले नाहीत!’ कॉलेज उघडलं आणि रेकॉर्डिंग बंद झालं. सरांची भीती अशी, की एखादं वाक्य कापून ग्रुपवर फिरवलं तर? भीती खोटी नाही हो. मिमच्या जमान्यात कुणाला हौस आहे?

आपल्याकडे टेक्नॉलॉजीवाले गुरुजी म्हटलं की रणजितसिंह डिसले आठवतात. परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवताना २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलर्सचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यातली अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ फायनलिस्टना वाटली. लोकांच्या लक्षात राहिला तो पुस्तकातला क्यूआर कोड. पण कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुस्तकंही त्यांच्या भाषेत आणली होती, हे कोण सांगतं? कोड स्कॅन केला की कविता, धडा घरी हवा तितक्यांदा ऐका. माझ्या बहिणीला तरी दुसरं काय हवं होतं?

म्हणून माझं मत विचाराल तर गणित खुशाल फळ्यावरच सोडवा, वर्गात मोबाइलही बॅगेत टाकायला लावा. फक्त लेक्चरचा ऑडिओ द्या. व्हिडिओ नको, फक्त वर्गापुरता, आणि परीक्षा संपली की डिलीट.