गाडीचे गचके आणि रेडिओचं बटण

दोस्तांनो, नागपूरहून पॅसेंजरनं वर्ध्याकडे निघालात की बोरखेडीनंतर सिंदी येतं. पत्ता लिहिताना मात्र ‘सिंदी’पुढे कंसात ‘रेल्वे’ लिहायला विसरू नका हं, नाहीतर तुमचं पत्र वर्ध्याजवळच्या सिंदी (मेघे)ला जाऊन बसायचं! सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा नामांकित. मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. आज मात्र बैलाची नाही, गाडीची गोष्ट.

समजा, तुम्ही काकांच्या मागे बसून सिंदीहून सेलूला निघालात. गाडी इंजेक्शनची. पहिल्या किकला सुरू झाली, पण ॲक्सिलेटर थोडा पिळला की गचका! जरा जास्त पिळला की पुन्हा सुरळीत. समोरच्या ट्रकला ओलांडताना नेमका हाच गचका आला तर? ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मिस्त्री म्हणतो, ‘थ्रॉटल सेन्सर गेला, बदलून टाकू.’ थांबा! गेला हे कशावरून?

आधी हा सेन्सर करतो काय ते पाहू. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक गोल चकती असते. ॲक्सिलेटर पिळला की ती फिरते आणि वाट उघडते. चकतीच्या दांड्याला टोकाशी हा सेन्सर जोडलेला. ‘वाट इतकी उघडली’ असं तो गाडीतल्या छोट्या संगणकाला सारखं सांगत राहतो. पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो, आणि त्यासाठी त्याला या खबरीची गरज असते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि कार्बोरेटर जाऊन बहुतेक नव्या दुचाकींना इंजेक्शन आलं.

आता गंमत ऐका. बऱ्याच गाड्यांमधला हा सेन्सर म्हणजे आजोबांच्या रेडिओचं आवाजाचं बटणच! आत कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी पत्र्याची जीभ. बटण जुनं झालं की एका ठरावीक जागी खर्रर्र करतं, आठवतं? रोज आवाज तेवढाच ठेवायचा, म्हणून पट्टा तिथंच झिजतो. गाडीचंही तसंच. ॲक्सिलेटर बहुतेक वेळ थोडासाच पिळलेला असतो. पट्टा तेवढ्या भागात झिजतो आणि गचकाही तिथंच बसतो. (काही गाड्यांत घासणारा पट्टा नसतो, लोहचुंबकावर चालणारा सेन्सर असतो. त्याला ही झीज लागत नाही.)

हे घरी करून पाहा. भंगारातल्या रेडिओचं तीन पायांचं बटण मिळवा. दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक लावून त्यांची दोन टोकं बटणाच्या बाजूच्या दोन पायांना जोडा. काट्याच्या मीटरची काळी तार सेलच्या ऋण टोकाला, लाल तार मधल्या पायाला. बटण अगदी सावकाश फिरवा. काटा ० पासून साडेचारपर्यंत चढेल. सुरुवातीला हळू आणि नंतर भरभर चढला तर घाबरू नका, आवाजाची बटणं बरेचदा तशीच बनवलेली असतात. पण झिजलेल्या जागी काटा एकदम खाली आपटेल. घरातल्या विजेच्या प्लगशी मात्र हा खेळ अजिबात नको!

गाडीवर हीच तपासणी मिस्त्रीकाकांकडून करून घ्या. किल्ली चालू, इंजिन बंद. सेन्सरला सहसा तीन तारा असतात. एकीतून संगणक ५ व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थिंगची, तिसरीतून खबर परत जाते. आधी पहिल्या दोन तारा पाहायच्या. ५ व्होल्टच येत नसतील तर बिचाऱ्या सेन्सरचा काय दोष? उंदरानं तार कुरतडली असेल, नाहीतर जोडणीत पाणी शिरून हिरवा गंज चढला असेल. पुष्कळदा काम एवढ्यावरच निभावतं आणि नव्या सेन्सरचे पैसे वाचतात.

मग खबरेची तार. ॲक्सिलेटर सोडलेला असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर चार-साडेचार. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. शून्य आणि पाच का नाहीत? कारण तार तुटली तर शून्य येतं आणि ५ व्होल्टच्या तारेला चिकटली तर पाच. असा आकडा दिसला की संगणक ओळखतो, काहीतरी बिघडलंय, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लावतो. दिव्याचा अर्थ मात्र ‘या वाटेवर कुठंतरी बिघाड’ एवढाच. ‘सेन्सरच बदला’ असं तो सांगत नाही. उलट पट्ट्यावरचा डाग क्षणभरच चुकीची खबर देतो, ती संगणकाच्या नजरेतून निसटू शकते. म्हणजे गाडी गचके देते आणि दिवा गप्प!

म्हणून ॲक्सिलेटर मुंगीच्या पावलानं पिळायचा आणि काट्यावर डोळा ठेवायचा. आकड्यांच्या मीटरमध्ये ही क्षणाची पडझड दिसेलच असं नाही, काट्याच्या जुन्या मीटरमध्ये ती चटकन दिसते. काटा मध्येच आपटला, आणि दर खेपेला त्याच जागी आपटला, तर चोर सापडला. खुशाल बदला सेन्सर. काही गाड्यांत नवा सेन्सर बसवल्यावर ‘बंद म्हणजे इथं’ हे संगणकाला पुन्हा शिकवावं लागतं, तेवढं विचारून घ्या.

आणि काटा न अडखळता वरपर्यंत गेला तर? मग सेन्सर सुटला. एअर फिल्टर उघडून पाहा, प्लग काढा, बॅटरी मोजा, आणि काकांना विचारा, पेट्रोल कुठल्या बाटलीतलं भरलं होतं!