तंजावरच्या राजाची पेन्शन आणि आपली पेन्शन



आजकाल कोणत्याही लोको शेडमध्ये जा, पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात जा, नाहीतर गँगच्या टूल-रूममध्ये जा. जेवणाचे डबे उघडले की एकच विषय निघतो : पैसा कुठे लावायचा? पूर्वी याच वेळेला महागाई भत्त्याचा हप्ता, पगारी आयोग, बदल्या-बढत्या यांवर बोलणे चाले. आता मोबाईलच्या पडद्यावर एखादा कोट-टायवाला गृहस्थ येतो आणि आमच्या ट्रॅकमनला अर्थशास्त्र शिकवतो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. परंतु पे-स्लिप वाचण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत, म्हणून या शहाण्यांच्या उपदेशाचा हिशेब मांडण्याचा हक्क आम्ही बजावणार आहोत.

उपदेश मोजून तीन आहेत. पहिला : कर्जाला भिऊ नका, कर्ज काढल्याशिवाय कोणी मोठा झाला नाही. दुसरा : बचत पोस्टात, फंडात सडवू नका, बाजारात लावा. तिसरा : पेन्शन हा देशाच्या तिजोरीवरचा बोजा आहे, तेव्हा प्रत्येकाने आपले म्हातारपण आपणच सांभाळावे.

या तिन्ही उपदेशांना उत्तर आम्हाला एका राजवाड्यात सापडले. गेल्या वर्षी संघटनेच्या कामासाठी आम्ही त्रिचीला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. तेथून तंजावर रेल्वेने पन्नासेक किलोमीटर. मराठी माणूस इतक्या जवळ जाऊन भोसल्यांचा राजवाडा न पाहता परत येईल कसा? सोबतीला तेथील एक निवृत्त पोस्टमन भेटले. घराणे पिढ्यान्पिढ्या तंजावरचे, घरात अजून मराठी बोलतात. त्यांची मराठी आपल्या कानाला जुन्या वळणाची वाटते, पण पेन्शनचा विषय निघाला तेव्हा आम्हाला दुभाष्याची गरज पडली नाही.

राजवाडा मूळचा नायक राजांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतल्यावर तो भोसल्यांकडे आला. आत दरबाराचा चौक आहे, सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तेथे पोथ्यांबरोबर मोडी कागदांची दप्तरेही जपून ठेवली आहेत. लोक चित्रे पाहतात, फोटो काढतात आणि निघून जातात. आम्हाला मात्र या घराण्याचा पैशाचा व्यवहार पाहायचा होता.

आता पहिला उपदेश घ्या, कर्जाचा. सन १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर जिंकले आणि तुळजाजीराजांना कैद केले. नबाब स्वतः कर्जात बुडालेला. कर्ज देणारे कोण? तर मद्रासेतले कंपनीचेच गोरे नोकर! नबाबाने त्यांना तंजावरचा महसूल तारण लिहून दिला. सन १७७६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी राजांना गादी परत दिली, तेव्हा पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक हाताखालचा नोकर पुढे आला आणि म्हणाला, तंजावरकडून माझे सुमारे २ लाख ३० हजार पौंड येणे आहे. त्यातला काही भाग तर शेतात उभ्या असलेल्या पिकावर होता. म्हणजे भात अजून कापलेले नाही, कुळाच्या घरात दाणा आलेला नाही आणि त्यावर सावकाराचे नाव लागलेले! पिगट यांनी हा दावा मानला नाही. परिणाम काय झाला? त्यांच्याच कौन्सिलातल्या बहुमताने ऑगस्ट १७७६ मध्ये खुद्द गव्हर्नरांना अटक करवली. १७७७ मध्ये ते नजरकैदेतच वारले. नबाबाच्या कर्जाचे हे प्रकरण इतके गाजले की १७८५ साली एडमंड बर्क यांनी विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर घणाघाती भाषण केले.

कर्ज काढले नबाबाने, व्याज खाल्ले गोऱ्या सावकाराने आणि फेडायचे कोणी? कावेरीकाठच्या कुळाने! 'कर्ज काढून मोठे व्हा' म्हणणाऱ्याला म्हणून आम्ही एवढेच विचारतो, मोठा कोण होतो? आमच्या खात्यातला पोरगा मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज घेतो, त्या हप्त्यासाठी दुसरे कर्ज काढतो आणि पगाराच्या दिवशी खाते रिकामे असते. त्याचे पीकसुद्धा उभ्यानेच गहाण पडले आहे, फक्त त्याचे पीक म्हणजे पुढच्या महिन्याची ड्यूटी. आपल्या कर्मचारी पतसंस्था, ज्यांना आपण सोसायटी म्हणतो, त्या याच सावकारीतून सुटण्यासाठी कामगारांनी उभ्या केल्या, हे विसरू नका.

दुसरा उपदेश, बाजाराचा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरातले ९३ तोट्यात गेले. या सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांवर. हे आकडे कोणत्या युनियनचे नव्हेत, सरकारी नियामकाचे आहेत. यात दर महिन्याला थोडी रक्कम दीर्घ मुदतीसाठी ठेवणारा आणि रोज सट्टा खेळणारा यांत फरक आहे, हे आम्ही मानतो. परंतु मोबाईलवरचा गृहस्थ बोलावतो पहिल्या दाराने आणि नेऊन बसवतो दुसऱ्या खोलीत.

आणि येथेच सरकारचे दुटप्पी धोरण पाहा. रेल्वे सेवा (आचरण) नियम १९६६ मधील नियम १६ सांगतो की रेल्वे कर्मचाऱ्याने शेअरचा सट्टा करू नये. फार चांगला नियम! मग १ जानेवारी २००४ पासून नोकरीत आलेल्या त्याच कर्मचाऱ्याची पेन्शन बाजारातल्या चढउतारावर कोणी टांगली? स्वतःच्या खिशातल्या पैशाचा सट्टा करायला बंदी आणि म्हातारपणाच्या भाकरीवर जोखीम घ्यायला सक्ती, हा कुठला न्याय?

आता तिसरा आणि सर्वांत घातक उपदेश, पेन्शन म्हणजे बोजा. यासाठी पुन्हा तंजावरला चला.

ऑक्टोबर १७९९ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीशी तह केला. राज्यकारभार कंपनीकडे गेला. मोबदल्यात राजांना दरसाल १ लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. ही झाली राजाची पेन्शन. सरफोजीराजे उधळ्या स्वभावाचे नव्हते. त्यांनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला, दवाखाना चालवला, शाळा काढल्या. १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. वैयक्तिक शहाणपण म्हणाल तर त्यांच्यात काही उणे नव्हते. १८३२ साली ते वारले, तोवर त्यांना ठरलेले मिळत राहिले.

पण पुढे? त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली वारले. मागे मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. कंपनीने गादी खालसा ठरवली. तहाचा अर्थ कोणी लावायचा? ज्याने पैसे द्यायचे त्यानेच! ऑक्टोबर १८५६ मध्ये कंपनीचा अधिकारी फौज घेऊन राजवाड्यात शिरला आणि खासगी मालमत्तेलाही सील लागले. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. म्हणणे असे की, हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य होते की अन्याय्य हे पाहणे कोर्टाच्या कक्षेत येत नाही. पुढे १८६२ साली सरकारने मालमत्ता वारसांकडे सोडली, ती सरकारची मर्जी म्हणून. कोर्टाने हक्क म्हणून दिलेली नव्हे.

आम्हाला राजेरजवाड्यांचा पुळका नाही. तो पैसा कुळांच्या घामाचा होता, हे आम्ही वर सांगितलेच आहे. पण विचार करा. जिच्यापाशी वाडा होता, वकील होते, लेखी तह होता, त्या राणीची ही गत झाली. मग दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या पॉइंट्समनच्या विधवेने केवळ 'वैयक्तिक नियोजनावर' म्हातारपण काढावे, हा सल्ला देणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावे?

आपल्या चळवळीने या प्रश्नाचे उत्तर मिळवले होते. रेल्वेत १९५७ साली पेन्शन योजना आली. आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे. तंजावरच्या राणीला जे मिळाले नाही, ते आपल्याला या निकालाने मिळाले. तो हक्क २००४ पासून नव्या भरतीच्या हातून काढून घेतला गेला. सैन्यदले वगळली, बाकी सर्वांना नवी योजना लागू. तिचा कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडले.

हिशेब सोपा आहे. समजा, एका ट्रॅकमनच्या खात्यात निवृत्तीच्या दिवशी ४० लाख जमले. त्यातले निदान ४० टक्के, म्हणजे १६ लाख, विमा कंपनीकडे देऊन वर्षासन घ्यावे लागते. ६ टक्के दराने महिन्याला पडतात ८ हजार. महागाई वाढली तरी ८ हजारच. त्याचे शेवटचे मूळ वेतन ५० हजार असते, तर जुन्या नियमाने २५ हजार आणि वर महागाई भत्ता मिळाला असता. उरलेले २४ लाख हाती येतात खरे, पण मुलीचे लग्न आणि घराचे छप्पर झाल्यावर त्यातले किती राहतात, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारा.

आंदोलनांच्या रेट्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू केली. २५ वर्षे सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि महागाईची वाढ, हे तत्त्व सरकारला पुन्हा मान्य करावे लागले. हा आपल्या लढ्याचा परिणाम आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कपात चालूच आहे. जुन्या व्यवस्थेत फंडातला आपला पैसा व्याजासह आपल्याला परत मिळे आणि पेन्शन वेगळी. निवडीची मुदत सरकारला पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, यातच कर्मचाऱ्यांचे मत कळून येते. आणि पोस्टातले अडीच लाखांवर ग्रामीण डाक सेवक? खेड्यापाड्यांतून टपाल, मनिऑर्डर, बचतीची पासबुके हेच लोक पोचवतात. ते तर जुन्या पेन्शनीच्या दारातही कधी उभे राहिले नाहीत.

आता एक कडू गोष्ट सांगायची आहे. ती दुसऱ्या कोणाची नाही, आमची स्वतःची आहे. आम्ही जुन्या पेन्शनीतले. २००४ साली नवी योजना आली तेव्हा आमच्या शाखेत निषेधाचा ठराव झाला, गेटवर घोषणा झाल्या, आणि मनातल्या मनात आम्ही म्हणालो, चला, आपले तर वाचले. आपल्या ताटातले गेले नाही म्हणून आम्ही जेवत राहिलो. सरफोजीराजांच्या हयातीत त्यांचे ठरलेले चालू राहिले, पुढच्या पिढीच्या दारात फौज आली. आम्हीही तसाच तह केला, फक्त त्यावर सही केली नाही. आज आमच्याच शाखेतला पोरगा विचारतो, "साहेब, तुमची पेन्शन पक्की, माझी का नाही?" त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे आम्हाला जड जाते. तो पोरगा मोबाईलवरच्या गृहस्थाचे ऐकतो, यात त्याचा दोष थोडा आणि आमचा जास्त आहे. संघटनेने म्हातारपणाची हमी दिली नाही, म्हणून तो ती बाजारात शोधतो.

तेव्हा आमचे सांगणे असे. बचत जरूर करा. डाक जीवन विमा १८८४ साली टपाल कर्मचाऱ्यांसाठीच सुरू झाला. तो आहे, फंड आहे, पोस्टाची आवर्ती ठेव आहे. पेन्शन खात्याचा उतारा दर वर्षी तपासा, वारसाचे नाव नोंदवले आहे का पाहा. कर्ज लागलेच तर सोसायटीतून घ्या, सट्ट्याच्या वाटेला जाऊ नका. पण बचत ही बचत आहे आणि पेन्शन ही पेन्शन आहे. एकीचे नाव सांगून दुसरी काढून घेणाऱ्याला जाब विचारा.

आणि जुन्या पेन्शनीतल्या आमच्या वयाच्या साथींना हात जोडून विनंती : निवृत्तीला चार-सहा वर्षे उरली म्हणून गेट-मीटिंगला मागच्या रांगेत उभे राहू नका. २००४ नंतरच्यांना हमीची पेन्शन, कपात झालेली रक्कम परत आणि ग्रामीण डाक सेवकांना पेन्शनचा हक्क, या तीन मागण्यांसाठी पुढच्या रांगेत आपण असले पाहिजे.

तंजावरहून निघताना त्या निवृत्त पोस्टमनदादांनी आम्हाला स्टेशनपर्यंत सोडले. गाडीला वेळ होता, म्हणून चहा घेतला. पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. म्हणाले, पेन्शन कालच जमा झाली आहे. त्यांचा मुलगाही पोस्टातच आहे, २००४ नंतर लागलेला. त्याच्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

कामगार एकजुटीचा विजय असो!