फायरवॉललाही तक्ता हवा

लसींच्या आयएलआर फ्रिजवर तापमानाचा तक्ता लटकलेला असतो. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. तो २ ते ८ अंशांबाहेर गेला की फोनाफोनी सुरू. त्याच इमारतीत, बहुधा जिन्याखाली, नेटवर्कचा स्विच आणि फायरवॉल असतात. त्यांच्यात सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे, हे शिरूर-दौंडच काय, पुण्यातल्याही डॉक्टरांना विचारून पाहा. मलाही परवापर्यंत ठाऊक नव्हते.

स्विच रुग्णालयातले संगणक एकमेकांना जोडतो. फायरवॉल इंटरनेटच्या दारावर पहारा देतो. दोन्ही स्वतः छोटे संगणकच. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका सापडतात आणि कंपन्या सुधारित आवृत्त्या काढतात. केसपेपर, रक्ताचे अहवाल, औषधसाठा, सगळे यांच्यातूनच जाते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस नोंदणी व अहवालांचे काम हाताने चालले. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असे कारण सरकारने संसदेत सांगितले. विभागणी म्हणजे संगणकांचा आयसोलेशन वॉर्ड. ते काम स्विच आणि फायरवॉलच करतात. आपल्या जवळचे उदाहरण मार्च २०२१ चे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहती ज्या एमआयडीसीच्या, तिचीच संगणकयंत्रणा खंडणीखोर सॉफ्टवेअरने ठप्प केली होती.

आवृत्तीचा आकडा ७.४.३ असा काहीसा असतो. कंपनीगणिक पद्धत बदलते, पण साधारणपणे पहिला अंक मोठा बदल सांगतो, दुसरा नव्या सोयी, तिसरा दुरुस्त्या. सर्वांत नवी आवृत्ती सर्वांत चांगली असेलच असे नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. म्हणून नव्या सोयींच्या आवृत्तीसाठी थोडे थांबावे. नवे औषध आले की आपण दुष्परिणामांच्या बातम्यांची वाट पाहतोच ना? मात्र चोर आत्ता ज्या भोकातून शिरत आहेत ते बुजवणारी दुरुस्ती म्हणजे कुत्रा चावल्यावरची लस. तिथे थांबायचे नसते.

आवृत्तीसोबत एक टिपण येते: काय दुरुस्त केले, कोणते दोष अजून शिल्लक आहेत, कोणत्या जुन्या आवृत्तीवरून थेट येता येते. औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदाइतकेच ते दुर्लक्षित. शिवाय नुसती दुरुस्ती नेहमी पुरत नाही. फोर्टिनेटच्या फायरवॉलमधील एक त्रुटी मे २०१९ मध्येच बुजवली गेली होती. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७ हजार उपकरणांचे पासवर्ड उघड झाले. दुरुस्ती केली पण पासवर्ड तेच ठेवले, त्यांचेही दार उघडेच राहिले.

माझी खरी तक्रार खरेदीबद्दल आहे. डबा घेतला जातो, फीत कापली जाते. सॉफ्टवेअरच्या वार्षिक नूतनीकरणाची तरतूद मात्र राहून जाते. मुदत संपली की पुष्कळ कंपन्या नवी आवृत्ती देत नाहीत. दिवा हिरवा लुकलुकत राहतो, म्हणून सारे आलबेल वाटते; रक्तदाबाचा रुग्ण काही त्रास नाही म्हणून गोळ्या सोडतो, तसेच. निविदेतच निदान पाच वर्षांच्या सॉफ्टवेअरचा खर्च धरावा. आणि त्या पेटीवर तक्ता लावावा: मॉडेल, आवृत्ती, शेवटचे अपडेट, मुदत कधी संपते, जबाबदार कोण.

अपडेट करणारा माणूस रविवारची रात्र मागतो, कारण ओपीडी बंद असते. पण पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवरचे अपघात रविवार पाहत नाहीत, बाळंतपणेही नाहीत. तेव्हा आधी जुन्या मांडणीची प्रत काढून ठेवावी, कॅज्युअल्टीत कोरे केसपेपर काढावेत, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला हे संध्याकाळीच सांगावे, संगणक बंद पडल्यावर नव्हे.