टपाल कोणाच्या दप्तरी?

संगणकीय टपालाची व्यवस्था निवडताना आपल्या शिक्षणसंस्था पत्र किती त्वरेने पोहोचते एवढेच पाहतात. आलेले पत्र कोणत्या स्वरूपात व कोणाच्या दप्तरी राहते, याचा विचार सहसा होत नाही. मुंबईच्या उपनगरांनी तरी तो करावयास हवा. देशात ई-मेलचा पाया घालणाऱ्या 'अर्नेट' योजनेचा १९८६ मध्ये आरंभ झाला, तेव्हा तिच्यातील आठ सहभागी संस्थांपैकी जुहूचे 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' आणि पवईची आय.आय.टी. या दोन संस्था याच उपनगरांतल्या होत्या.

पुढे देशभरच्या अनेक महाविद्यालयांनी आपले टपाल गुगलच्या विनामूल्य सेवेकडे सोपविले. अमर्याद साठवण हे तिचे मोठे आकर्षण होते. ती सवलत २०२२ मध्ये संपली व संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा आली. कंपनीस तो अधिकार होताच. परंतु दुसऱ्याच्या कोठारात धान्य ठेवणाऱ्याने कोठाराचे नियम बदलतील हे गृहीत धरावयास नको काय?

स्वतःचे कोठार उभारणे अशक्य नाही. पत्रांची ने-आण करणारे 'पोस्टफिक्स' व ती सांभाळणारे 'डव्हकॉट' ही दोन्ही सॉफ्टवेअर परवाना-शुल्काविना मिळतात. खरा प्रश्न साठवणीच्या पद्धतीचा आहे. जुनी 'एमबॉक्स' पद्धत म्हणजे सारी पत्रे एकाखाली एक लिहिलेले एकच बाड. मधले एक पत्र काढावयाचे, तर पुढचा सारा भाग पुन्हा लिहावा लागतो. लिहिताना वीज गेली, तर संपूर्ण बाड बिघडण्याचा धोका असतो. १९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांनी आणलेल्या 'मेलडिर' पद्धतीत प्रत्येक पत्राची फाइल स्वतंत्र असते. एक बिघडले तरी शेजारचे शाबूत राहते. अर्थात लाखो लहान फाइलींची नक्कल काढण्यास वेळ लागतो, हा तिचा दोष. म्हणून नित्याच्या कामास मेलडिर आणि सरलेल्या वर्षांच्या जतनासाठी एमबॉक्स, अशी विभागणी श्रेयस्कर ठरेल.

स्वतःचा सर्व्हर चालवावयास जाणकार माणूस लागतो व तो प्रत्येक महाविद्यालयास परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. अशा संस्थांनी परकी सेवा खुशाल घ्यावी. मात्र दरवर्षी सर्व पत्रांची एमबॉक्स प्रत काढून आपल्या ताब्यात ठेवावी. गुगलही तशी प्रत देते. ती प्रत एकाच इमारतीत ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे उपनगरांस सांगावयास नको.

नेमणुकीचे आदेश, परीक्षेचे निर्णय, रजेची मंजुरी हे सारे आज ई-मेलनेच येते. तीस वर्षांनी निवृत्तिवेतनाचा दावा करणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला 'ते पत्र सापडत नाही' असे उत्तर मिळाले, तर त्याचा दोष यंत्राचा नव्हे, आज न विचारलेल्या प्रश्नाचा असेल.